पास्कीनचा तुकडा

रापणीतून पास्कीनचा तुकडा काढला तो शनिवार होता. शनिवारी सकाळी पास्कीन इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, झाडू मारायला जाते हे खुरसावाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तुकडा काढायला शनिवारच का निवडला, हे त्यामुळे कुणी कुणाला विचारलं नाही.

इगर्जीतून परत येताना पाणंदीत तिला रुक्मिणी भेटली. पलीकडच्या गाबितवाडीतली, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मालवणच्या बाजाराला निघालेली. पाटी न उतरवताच ती थांबली.

"तू देवाचा घर झाडीत रव गो पास्कीन. थंय वाळवर तुझा घर झाडल्यानी."

"काय बोलतंस काय?"

"जा आणि बघ. माका उशीर होता."

पास्कीन झाडू हातात घेऊनच किनाऱ्यावर गेली.

रापण वाळूवर सुकत पसरली होती. वाडीतल्या प्रत्येक घराने आपापला जाळ्याचा तुकडा आणायचा, तुकड्याला तुकडा शिवून एक लांबच लांब जाळं करायचं, होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर सगळ्यांनी मिळून ओढायचे, अशी ती रापण. ज्याचा तुकडा त्याला वाटा. घरातला माणूस गेला तरी त्याचं घर तुकडा धडका ठेवतं तोवर वाटा बंद होत नाही, हा वाडीचा जुना रिवाज. पास्कीनचा घोव इनास तापाने गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ती दर पावसाळ्यात त्याचा सुती तुकडा दुरुस्त करायची, ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढायची, आणि दोर ओढायला स्वतः उभी राहायची. दोराने तिच्या तळहातांना पुरुषांसारखे घट्टे पडले होते.

तो तुकडा आता जाळ्यापासून दूर, खेकड्यांच्या बिळांवर फेकून दिलेला होता. त्याच्या जागी पांढरं, चकाकणारं नायलॉन शिवलेलं होतं. रापणीचा म्होरक्या, तांडेल बस्त्यांव, याचा मेव्हणा मार्टीन बोटीवरची नोकरी सोडून मुंबईहून आला होता, त्याने ते आणलं होतं. असलं जाळं वाडीने प्रथमच पाहिलं होतं.

बस्त्यांव होडीच्या सावलीत बसून विडी ओढत होता. बाकीचे गडी खाली मान घालून जाळ्यातला कचरा वेचू लागले.

"तांडेलानू, ह्यां काय?"

"नायलॉन. कुजणा नाय, काढो नको, काय नको."

"माझो तुकडो विचारतंय मी."

"थंय आसा तो. कोण खाणा नाय तेका."

"कोणाक विचारून काढलास?"

"विचारूचां काय तेच्यात? तुझ्या घरात दादलो नाय. दोराक हात कोणाचो?"

पास्कीनने झाडू काखेत धरला आणि दोन्ही पंजे त्याच्यासमोर उघडे केले. "हो कोणाचो?"

एक गडी हसला आणि लगेच खोकला. बस्त्यांवने विडी वाळूत दाबली. "वडतंस गो. नाय कोण म्हणता? पण बायलमाणूस ता बायलमाणूस. मार्टीनाक पोरांबाळां आसत. तू समजून घेवक होया. तू इगर्जीतली बाय."

पास्कीनने तुकडा गोळा केला. ओला होता, जड होता. उचलायला कुणी उठलं नाही. कायतान म्हणून एक गडी होता, इनासचा जोडीदार. तो अर्धा उठला आणि बस्त्यांवने नुसतं त्याच्याकडे पाहिलं तसा पुन्हा बसला. ती तुकडा खांद्यावर टाकून चढण चढून घरी आली. पोलक्यातून खारं पाणी पाठीवर उतरत होतं.

घरात सासू जाबेल खाटेवर असायची. पायांनी अधू, पण कानाने आणि तोंडाने धडधाकट. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बस्त्यांवाचो बापूस बुडालो तेव्हा तेची आवस कोणाच्या वाट्यार जगली? रापणीच्याच मां? त्या वाट्याची पेज पिऊन ह्यो वाढलो," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तरी पण तेच्यासाठी माग हां पास्कीन. दुस्मानासाठी मागूक सांगल्यानी आसा."

संध्याकाळी कुडाच्या भिंतीवरच्या खुरसापुढे तिघी गुडघ्यावर बसल्या, म्हणजे पास्कीन आणि तिची लेक सेलीन, जाबेल खाटेवरूनच. तेर्साचे मणी संपल्यावर पास्कीन म्हणाली, "देवा, बस्त्यांव तांडेलाक बरी बुद्धी दी. येणा नसात तर खरूज दी."

"पयलां मी आयकलंय," जाबेल म्हणाली. "दुसरां देवानय आयकूक नसतला."

सेलीन हसली. पास्कीन हसली नाही. रोज संध्याकाळी ती त्याच्यासाठी मागत राहिली. दुसरा भाग मात्र तिने पुन्हा म्हटला नाही. दात आवळून मागायची. मागितलेलं घशाखाली उतरायचं नाही.

बांगड्याचे दिवस होते. याच दिवसांत मासळी खारवून पावसाळ्याची बेगमी करायची. पास्कीन आणि सेलीन खाडीत कुजत घातलेली सोडणं काढून काथ्या कुटायला जाऊ लागल्या. काळ्या चिखलात मांडीपर्यंत उतरायचं, कुजलेल्या नारळाच्या सालींचे भारे ओढून काढायचे आणि दिवसभर लाकडी दांड्याने झोडायचे. त्या चिखलाचा वास अंगाला असा बसतो की साबणाने जात नाही. ओहोटीला दोघी वाळूतले मुळे, म्हणजे शिंपले, खणून काढायच्या. मजुरीला मिळालेले तांदूळ आणि मुळ्यांचं पाणी यावर घर चाललं. सेलीन रात्री आईच्या शेजारी निजताना तोंड दुसरीकडे करायची. पास्कीनला ते कळत होतं, आणि स्वतःचा वास स्वतःलाही सोसत नव्हता.

किनाऱ्यावर रापण ओढली जायची तेव्हा गड्यांची आरोळी खाडीपर्यंत ऐकू यायची. कोणत्या आरोळीला जाळं जड आहे आणि कोणत्या आरोळीला रिकामं, हे पास्कीनला कुटता कुटता समजायचं. जड असलं की तिचा दांडा जोरात पडायचा.

एकदा जाबेलने मासळी मागितली. मागायची नाही ती कधी. पण तोंडाला चव नव्हती, दोन दिवस पेज परतवत होती. पास्कीन टोपली घेऊन किनाऱ्यावर गेली आणि विकत घेणाऱ्या बायकांच्या मागे उभी राहिली. मार्टीनने तिला पाहिलं. वाट्यांच्या ढिगांतून नव्हे, बाजूला पडलेल्या फुटक्यातुटक्या मासळीतून त्याने ओंजळ भरली आणि तिच्या टोपलीत टाकली.

"घे गो वैनी. मारिये सायबिणीच्या नावान."

बायका बघत होत्या. ती टोपली तिथल्या तिथे उपडी करावी असं पास्कीनच्या हातात आलं होतं. तिने केली नाही. घरी येऊन तिने आमटी केली, जाबेलला कालवून भरवली, सेलीनला वाढली. स्वतः जेवली नाही.

"तुका?" जाबेलने विचारलं.

"माका नको. दान पचणा नाय माका."

त्या रविवारी इगर्जीत मिस, म्हणजे उपासना, चालू असताना फादर वेदीपुढे येऊन बोलू लागले. फादर वसईकडचे, शिकलेले, सायकलवरून तीन वाड्या सांभाळणारे. मनाने वाईट नव्हते. पण भांडण म्हटलं की त्यांचं डोकं दुखायचं. नोव्हेंबर संपत आला होता आणि आठवड्याभरावर फेस्त, इगर्जीचा वार्षिक सण, होतं. नम्रतेवर बोलता बोलता ते म्हणाले, "आपल्यातच पाहा. एक विधवा बहीण आहे. तिच्या घासाला धक्का लागला, पण तिने आवाज चढवला नाही. कुणाची तक्रार केली नाही. शनिवारी झाडू घेऊन इथे हजर. पवित्र माणसं काय फक्त तसबिरीत असतात?"

माना वळल्या. पुढच्या बाकावर यंदाचा फेस्ताचा प्रेजेंत, म्हणजे फेस्ताचा यजमान, बस्त्यांव बसला होता. त्याने सुद्धा मान वळवली, आणि पास्कीनकडे बघून कौतुकाने हलवली.

पास्कीनच्या कानशिलांत रक्त चढलं. धक्का लावणारा कोण हे फादरांना माहीत होतं. त्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं, आणि तिला मात्र सगळ्या वाडीपुढे उभं केलं होतं. बाहेर पडल्यावर दोन बायकांनी तिचा हात हातात घेतला आणि "नशीबवान गो तू" म्हणाल्या. त्यांच्या अंगणात बांगडे वाळत होते.

फेस्ताच्या आधी सायबीण घराघरांतून फिरते. काचेच्या पेटीतली मारियेची लाकडी मूर्ती. एका घरात एक रात्र राहते, तेर्स होतो, चणे वाटतात, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुढच्या घरची माणसं तिला न्यायला येतात. नेण्याची रीत ठरलेली. नेणाऱ्या घरातल्या कर्त्याने देणाऱ्या घराच्या उंबऱ्याशी गुडघे टेकायचे आणि म्हणायचं, "आमी चुकलांव जाल्यार भोगसा." चुकलो असलो तर क्षमा करा. देणाऱ्याने म्हणायचं, "भोगसलां." मग पेटी हातात द्यायची. मनात अढी ठेवून दिलेली सायबीण घरात घ्यायची नाही, हे वाडीत लहान पोरालाही माहीत. बहुतेक जण दोन्ही वाक्यं एका श्वासात पुटपुटतात, गुडघा टेकतो न टेकतो तोच उठतात आणि चण्यांकडे बघतात.

फेरीत पास्कीनचं घर शेवटून दुसरं. शेवटचं घर प्रेजेंताचं. तिथून सायबीण वाजतगाजत इगर्जीत जायची.

कायतानच्या घरून सायबीण आली तेव्हा पास्कीनने जमीन सारवून ठेवली होती आणि काथ्याचा वास जावा म्हणून अंग राखेने घासलं होतं. रात्र गेली, दिवस गेला. दुसऱ्या संध्याकाळी बस्त्यांव आला. अंगात प्रेजेंताचा लाल झगा, मागे कंदील, व्हायोलिन, बायको मारयान, मार्टीन आणि अर्धी वाडी.

बस्त्यांवने उंबऱ्याशी गुडघे टेकले. "आमी चुकलांव जाल्यार भोगसा," तो म्हणाला आणि उठायला लागला.

पास्कीन पेटी छातीशी धरून उभी होती. पेटी तिने पुढे केली नाही. बस्त्यांव अर्धा उठलेला, तसाच राहिला.

"बोल गो," मागून कुणीतरी म्हणालं.

"काय चुकलास तां सांगा," पास्कीन म्हणाली. "मगे भोगसतंय."

"काय?"

"कुमसाराक जातास तेव्हा फादराक 'चुकलंय' इतक्याच सांगून येतास काय? काय केलास तां सांगूक लागता मां? तसां सांगा."

व्हायोलिनवाल्याने वाद्य काखेत घातलं. मार्टीन पुढे झाला. "रीत आसा ती वैनी. रीतीचां बोलूचां आणि मोकळां होवचां. लोकां उबी आसत."

"तर मी सायबिणीच्या म्होरे खोटां बोलू?"

"शिकयल्यानी कोणीतरी हिका," बस्त्यांव उभा राहत म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, पण झग्याची नाडी तो पुन्हा पुन्हा बांधत होता. "बायलेच्या जातीन तांडेलाची कुमसार घेवची काय आता?"

"नाय. सायबीण हंयच ऱ्हवांदे."

तो गेला. त्याच्यामागे कंदील गेले. काही बायका मात्र गेल्या नाहीत. सायबीण जिथे तिथे तेर्स व्हायला हवा म्हणून त्या आत येऊन सारवलेल्या जमिनीवर बसल्या. त्यांत दोन अशा होत्या, की ज्यांनी तिला नशीबवान म्हटलं होतं. त्यांनी पास्कीनकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फादर आले. सायकल माडाला टेकवून दारात उभे राहिले. सेलीनने पाट दिला, बसले नाहीत.

"पास्कीन, क्षमा अट घालून देत नाहीत."

"अट खंय घातलंय फादर? काय भोगसूचां तां विचारलंय."

"त्याच्या मनात काय आहे ते देव पाहील. तू आपलं मन बघ. तुझ्याबद्दल मी वेदीवरून बोललो. लोक तुझ्याकडे पाहतात. तुझी नम्रता..."

"तेव्हा मी नम्र नव्हतंय, फादर." तिने काथ्याने चिरलेले हात पदरात घेतले. "उपाशी होतंय. तुमका फरक दिसूक नाय."

फादरांचा चेहरा लाल झाला. खाटेवरून जाबेल म्हणाली, "फादराक पाणी दी गो, सेलीन."

"सायबीण इगर्जीची," पास्कीन म्हणाली. "तुमी म्हणालास तर आता तुमच्या हातात देतंय. घेवन जावा. पण ता 'भोगसलां' माझ्याकडसून नेवक गावाचां नाय."

फादरांनी पेटी उचलली नाही. पाणी प्यायले आणि सायकल हातात धरून चालतच बस्त्यांवच्या घराकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते वाडीत नीट कुणाला कळलं नाही. एवढंच कळलं, की मारयानने घोवाला सांगितलं, सायबिणीवाचून फेस्ताचं जेवण मी रांधणार नाही, आणि चुलीपासून उठून ती माहेरच्या वाटेला लागली होती. मार्टीनने तिला खाडीवरून परत आणली.

फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी बस्त्यांव पुन्हा आला. या वेळी झगा नव्हता. माणसं मात्र पहिल्यापेक्षा जास्त. त्याने गुडघे टेकले. उंबऱ्याकडे बघत, एकेक शब्द जाळ्यातल्या काट्यासारखा काढत म्हणाला, "तू इगर्जीत होतंस तेव्हा मियां तुझो तुकडो काढलंय. तुझो वाटो मार्टीनाक दिलंय. चुकलंय. भोगस."

पास्कीनने पेटी सावरली. इतके दिवस दात आवळून जे मागत होती ते समोर गुडघ्यावर बसलं होतं. तिला त्याच्या डोक्यावरचे पिकलेले केस दिसले.

"भोगसलां," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. तिने पेटी त्याच्या हातात दिली. मारयान पुढे येऊन तिच्या गळ्यात पडली. त्या रात्री पास्कीन आमटीभात पोटभर जेवली.

फेस्त झालं. मिरवणूक झाली, बस्त्यांवने पुढे राहून खुरीस धरला. त्याच्या अंगणातल्या जेवणाला पास्कीनला बोलावणं होतं. ती गेली, जेवली, भांडी घासू लागली.

फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माडावर चढलेल्या टेहळ्याने हाक दिली. बांगडा आत आला होता. उजाडता उजाडता किनाऱ्याजवळचं पाणी एका जागी ढगाची सावली पडावी तसं काळं झालेलं दिसत होतं. गडी जाळं उलगडून होडीकडे नेत होते. पास्कीन आपला तुकडा डोक्यावर घेऊन उतरली. फेस्ताच्या दोन दिवस आधीच तिने तो पुन्हा काढ्यातून काढला होता. वाळूवर ठेवून तिने विचारलं, "तांडेलानू, खंय लावचो?"

बस्त्यांवने होडीच्या काठावरून मान वर केली.

"भोगसलंस मां?"

"होय."

"सगळ्यांच्या म्होरे?"

"होय."

"मगे ता संपला. आता आणि काय होया तुका?" तो गड्यांकडे वळला. "चला रे, बांगडो थांबाचो नाय."

पास्कीनला वाटलं होतं, की तो नुसतं बोटाने जागा दाखवेल. रात्रीपासून ती ते बोट डोळ्यांपुढे आणत होती.

"भोगसलंय तां तुमका," ती म्हणाली. "तुकडो माझो. तो माझोच आसा."

ती जाळ्याजवळ गेली. मार्टीनचं नायलॉन जिथे कायतानच्या तुकड्याला शिवलं होतं तिथे बसली आणि सांध्याची गाठ सोडू लागली. पहिली गाठ घट्ट होती. दातांनी ओढून सोडवली. पुढच्या भराभर सुटल्या.

"अगो, माझा जाळा," मार्टीन ओरडला.

"तुझ्या जाळ्याक हात लावणा नाय मी. मधी माझो घालतंय. रापण लांब जाली तर कोणाचा पोट दुखता?"

खरंच कुणाचं दुखणार नव्हतं. जाळ्यात जागा पहिल्यापासून होती. एकाचा तुकडा शिवायला दुसऱ्याचा काढावा लागतो असं कुठेच नव्हतं. हे तिथल्या प्रत्येक गड्याला त्या शनिवारीही माहीत होतं, आणि आता तिच्या तोंडून ऐकताना कुणी एकमेकांकडे बघेना.

सांधा पुरता उसवला. रापणीचे दोन भाग झाले. पास्कीनने कमरेची बांबूची सुई काढली, आपल्या तुकड्याची कड मांडीवर ओढली आणि शिवायला घेतलं. वाऱ्याने कड फडफडत होती, हाताला नीट लागत नव्हती.

"उठीव रे तिका कोणीतरी," बस्त्यांव म्हणाला. "बांगडो जातलो."

कायतान आला. त्याने तिला उठवलं नाही. समोर मांडी घालून बसला आणि कड दोन्ही हातांनी ताणून धरली.

"ताठ धर," पास्कीन म्हणाली.

"धरतंय."

तिने घाई केली नाही. घाईची गाठ पाण्यात सुटते. एक गडी होडीचा काठ सोडून आला आणि दुसऱ्या टोकाला बसला. मग आणखी एक आला. तो बसला नाही, नुसता उन्हाच्या बाजूने उभा राहिला, म्हणजे तिच्या डोळ्यांवर तिरीप येणार नाही. पाण्यातली काळी सावली हळूहळू दक्षिणेला सरकत होती. ती सगळ्यांना दिसत होती, पास्कीनलाही. रिकामा डबा वाजवावा तसा बस्त्यांव होडीच्या फळीवर हात आपटत एकेकाला नावाने हाका मारत होता. बोलावलेला वर बघायचा आणि पुन्हा जाळ्याकडे वळायचा.

होडीजवळ आता बस्त्यांव आणि मार्टीन दोघेच उरले होते, आणि रापणीची होडी दोघांच्याने पाण्यात ढकलली जात नाही.